वाचकांचे प्रश्न : पऱ्हाटीत उगवलेली भेदरं

प्रश्न : काका, मी दारव्हा तालुक्यातली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. सांडपाण्याच्या गाळापासून खत आणि गॅस करण्यावर संशोधक तयार करायचं तीन वर्षांचं प्रशिक्षण आहे, त्यात माझी निवड झाली. बाबा म्हणतात, "एवढं शिकून शेवटी संडासाचीच घाण? सोयऱ्यांना काय सांगू?" तिथे पहिल्यांदा काय शिकावं लागतं? आणि खरं सांगा, वास अंगाला राहतो का?

उत्तर : पोरी, बाबांना 'सोनखत' शब्दाची आठवण करून दे. माझा आजा मैल्याच्या खताला हेच म्हणायचा, अन् नाक मुरडत नव्हता.

पहिल्यांदा शिकावं लागतं नमुना घेणं. यंत्रं महिनाभरात हाताळता येतात. नमुन्यात माझी फजिती झाली ती ऐक.

मी एका सांडपाणी केंद्रावर प्रयोगशाळा सहायक होतो. मे महिना. गाळ वाळवायचा वाफा उन्हानं असा तडकलेला, की भेगेत बोट जावं. मी कडेचा कोरडा पापुद्रा उचलला, पिशवीत भरला, तपासला. जंतू कमी, अहवाल झकास. वितभर खाली तो गाळ पिठल्यासारखा ओला होता, तिकडे मी पाहिलंच नाही. त्या भरवशावर एका शेतकऱ्यानं ट्रॉलीभर नेला. पाऊस पडल्यावर त्याचा फोन : "साहेब, ओळीनं पऱ्हाटी अन् मधात समदी भेदरं!" म्हणजे कपाशीत सगळे टमाटर.

टमाटरचं बी माणसाच्या पोटातून, गटारातून जिवंत निघतं. गाळाचा ढीग रचून तो कुजताना नीट तापला असता तर ते मेलं असतं. बी जिवंत, म्हणजे जंताची अंडीही जिवंत असतील असंच धरायचं. उघड्या लांब ढिगाला 55 अंश किंवा जास्त उष्णता 15 दिवस लागते, अन् तेवढ्यात पाच वेळा पालटणी, म्हणजे बाहेरचं आत जातं. थर्मामीटरही ढिगाच्या पोटात खुपसायचा, वरवर टेकवायचा नाही. त्या शेतकऱ्यानं निंदणाची मजुरी माझ्याकडून मागितली नाही, ही त्याची भलाई.

आता गंमत बघ. नमुना घ्यायची रीत तुझ्या बाबांना येत असेल. मातीपरीक्षणाला ते नागमोडी चालत आठ-दहा जागची माती घेतात, घमेल्यात मिसळतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकतात, अर्धा किलो उरेपर्यंत. गाळाचंही तेच, फक्त वरचा, मधला, तळचा असे तिन्ही थर घ्यायचे. जाण्याआधी बाबांसोबत वावरात एकदा करून बघ. सोयऱ्यांना काय सांगायचं ते त्यांना तिथेच सापडेल.

धातूंचं मात्र मनावर घे. जंतू उष्णतेनं मरतात. शिसं, कॅडमियम मरत नाहीत. उलट कुजताना ढीग घटतो अन् किलोमागे त्यांचं प्रमाण वाढतं. शहरी कंपोस्टच्या सरकारी दर्जात कॅडमियमची मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम आहे, शिशाची 100. गटारात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर खताचा विचार करण्याआधी ही तपासणी. गाळ नापास झाला तर कितीही काळाभोर दिसो, वावरात नको. तसल्या गाळाचं काय करायचं, हे तुम्ही पोरांनी शोधायचं.

गॅसचं थोडक्यात : बंद टाकीत गाळ कुजवला की मिथेन निघतो, पण गाळ संपत नाही, तो उरतोच. नागपुरात भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, त्याचं कौतुक होतं. मागे राहणाऱ्या गाळाबद्दल कोणी विचारत नाही. पातळ गाळाच्या शंभर किलोत घन भाग जेमतेम दोन किलो. बाकी पाणीच वाहून नेतो आपण. म्हणून पाणी काढणं, हाही मोठा अभ्यास आहे.

एक ताकीद. "जरा टाकीत उतरून नमुना आण" असं कोणीही म्हटलं, अगदी मार्गदर्शकानं, तरी नाही म्हण. आतल्या वायूनं माणूस दोन श्वासांत पडतो. साधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. नमुन्यासाठी वायू काही वेगळा नसतो. दांड्याला बांधलेलं भांडं वापर. हातमोजे घाल, धनुर्वाताचं इंजेक्शन घे, जेवणाचा डबा प्रयोगशाळेत उघडू नको.

अन् वास? अंगाचा आंघोळीनं जातो. वहीला लागलेला वर्षभर जात नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव.