हप्ता तोच, पण मुदत २०५४ पर्यंत: आधी दराचं बघा, एसआयपीचं नंतर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ऑगस्ट २०२१ मध्ये गृहवित्त कंपनीकडून ३० लाख, ७ टक्के तरता (वेळोवेळी बदलणारा) दर, २० वर्षं, हप्ता २३,२५९. आज दर ९ टक्के, शिल्लक २८.६० लाख, आणि २०४१ ला संपणारं कर्ज आता २०५४ ला संपणार असं स्टेटमेंट सांगतंय. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) खाली आला तरी दर का हलला नाही आणि बोनसचे ३ लाख कर्जात भरायचे की यजमान म्हणतात तसं एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीत) घालायचे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. आमचं कर्ज २००९ चं. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तेरा वेळा दर वाढवले आणि आमच्या घरी अगदी हेच झालं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी सल्लागार नाही, निव्वळ कर्ज फेडलेला माणूस आहे. तुमचा करारनामा पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट अंतिम धरू नका.

आधी दराचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन तरत्या दराचं गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराशीच बांधावं लागतं. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांचं बँकेतलं कर्ज आपोआप उतरलं. तुमचं उतरायला कुणीतरी तिथे सही करावी लागते, आणि तुम्ही मागितल्याशिवाय ती बहुधा होत नाही.

मला सगळ्यात महाग पडलं ते इथेच. २०१५ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर रेपो ८ वरून ६.७५ वर आला, म्हणजे तेव्हाही सव्वा टक्काच. आमच्या कंपनीच्या शाखेबाहेर नव्या ग्राहकांसाठी कमी दराचा फलक लागला होता आणि आत आम्हाला सांगत होते, "तुमचं कर्ज जुन्या योजनेतलं आहे." पाच-सहा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाला जास्त दर आणि आज दारात आलेल्याला कमी! याचा राग मला अजून येतो. मुदत वाढवताना एक ओळीचं पत्रही आलं नव्हतं.

शेवटी कर्ज बँकेत हलवायचं ठरवलं. बँकेची मंजुरी हातात होती. त्यांना आमच्या कंपनीकडून दोनच कागद हवे होते: मूळ कागदपत्रांची यादी आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र. शाखा म्हणे कागद दुसऱ्या शहरातल्या भांडारात आहेत, अर्ज झोनल ऑफिसला पाठवलाय. झोनल ऑफिस म्हणे अर्ज शाखेतूनच आलेला नाही. हे महिनोन्‌महिने चाललं. तोवर मंजुरीपत्राची मुदत संपली, मूल्यांकनाची फी पुन्हा भरावी लागली आणि जुन्या दरानं व्याज चालूच. यादी मिळायच्या आदल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला: शिल्लक कर्जावर अर्धा टक्का फी आणि त्यावरचा कर भरा, दर कमी करून देतो. म्हणजे दर कमी करणं त्यांच्या हातात होतंच.

म्हणून कुठलीही चौकशी तोंडी करू नका. ईमेल करा, किंवा अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तीन गोष्टी मागा: नव्या ग्राहकाला आज काय दर आहे, दर बदलून घ्यायला किती फी, आणि कागदपत्रांची यादी. यादी कर्ज हलवायचं नसलं तरी मागा. ती मागितली की समोरच्याचा सूर बदलतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. ते गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

आता तुमचा हिशेब. २८.६० लाखावर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २१,४५० होतं. हप्त्यातून मुद्दलात जेमतेम १,८०० रुपये जातात. असे ३४२ हप्ते उरलेत. तोच हप्ता ठेवून दर सव्वा टक्का उतरून ७.७५ झाला तर साधारण २४६ उरतात. दर ९ च राहिला पण हप्ता २७,००० केला, तर २१२. आणि दर, हप्ता तेच ठेवून फक्त ३ लाख भरले, तर २३४. एका भरण्यात १०८ हप्ते गेले! हे मी कॅल्क्युलेटरवर काढलेले ढोबळ आकडे आहेत, तुम्ही स्वतः करून बघा.

यामुळे एसआयपीबद्दल माझं मत ठाम आहे. यजमानांचं म्हणणं चुकीचं नाही, लांब पल्ल्यात शेअर बाजार ९ टक्क्यांहून जास्त देऊही शकतो. पण तो "देऊ शकतो" आणि हे व्याज नक्की वाचतं. नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट मिळत नाही, तेव्हा "कर वाचतो म्हणून कर्ज ठेवा" हेही लागू नाही. एफडीचे दर तर रेपोबरोबर उतरलेच. मी असतो तर सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला आहे का ते आधी बघितलं असतं (पुण्यात आयटीत आहात म्हणून मुद्दाम सांगतो), आणि असेल तर तिन्ही लाख कर्जात. चालू असलेली एसआयपी मात्र बंद करू नका.

पैसे भरताना "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं लेखी द्या, नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते. व्यक्तीच्या नावावरच्या तरत्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कुणी मागितला तर नियम दाखवायला सांगा.

कर्ज हलवायचंच ठरलं तर प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) हा सगळा खर्च मांडा. अर्धा टक्का फरकासाठी एवढी धावपळ करू नये असं मला वाटतं, सव्वा टक्क्यासाठी जरूर करावी. कर्जाबरोबर एकरकमी कर्जविमा गळ्यात मारला असेल तर तो नव्या बँकेत आपोआप जाईल असं धरू नका, आणि नवा घेण्याआधी साध्या टर्म विम्याचा दर विचारा.

कंपनीनं उत्तरच दिलं नाही तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग गृहवित्त कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. बँक असती तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात, त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आमच्या वेळी तो नव्हता. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच टाकतो.