‘समजा, असं झालं तर…’ : वैमानिक भरतीतले प्रसंगप्रश्न

विमान कंपन्यांच्या भरतीसाठी तांत्रिक प्रश्नांची आणि सिम्युलेटरची तयारी सगळेच करतात. गाडी अडते ती ‘समजा, असं झालं तर तुम्ही काय कराल?’ या प्रश्नापाशी. या विषयावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे अशा प्रश्नांची आदर्श उत्तरं लिहिलेली जाडजूड वही आहे. बरीच पाठही झाली आहेत. तरी सरावात समोरच्याने एक तपशील बदलला की मी गडबडतो. अजून किती पाठ करू?

आता एकही नको. परीक्षक तपशील बदलतात ते मुद्दामच. तुम्ही म्हणता, ‘अल्टरनेटला (ठरवून ठेवलेल्या पर्यायी विमानतळाला) जाऊ’. लगेच समोरून येतं, ‘तिथे आत्ताच धुकं उतरलंय.’ पाठ केलेलं उत्तर तिथेच संपतं. निर्णय नेमका कोणता घेतलात याला त्या खोलीत वाटतं तितकं महत्त्व नसतं, कारण बऱ्याच प्रसंगांत दोन-तीन निर्णय चालण्यासारखे असतात. हाताशी वेळ किती आहे हे तुम्ही पाहिलंत का, कामं कोणत्या क्रमाने केलीत आणि विमानातल्या व जमिनीवरच्या माणसांची मदत घेतलीत का, याकडे परीक्षकांचं लक्ष असतं.

क्रम जुनाच आहे : आधी विमान उडवायचं, मग ते कुठे चाललंय ते पाहायचं, मग बोलायचं. म्हणून उत्तराची सुरुवात विमान कोण उडवतंय इथून करा. ‘कंट्रोल्स कॅप्टनकडे, ऑटोपायलट चालू, मी चेकलिस्ट उघडतो’ एवढं वाक्य पुरतं. हे काय सांगायला हवं, असं वाटेल. २९ डिसेंबर १९७२ ला अमेरिकेतल्या ईस्टर्न विमान कंपनीची फ्लाइट ४०१ मायामीजवळच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळली, तेव्हा कॉकपिटमधले सगळे पुढच्या चाकाच्या न पेटणाऱ्या दिव्यामागे लागले होते. ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलंय, हे कुणाच्याही वेळेत लक्षात आलं नाही.

पुढच्या विचारासाठी एखादा साचा हवाच. डोडार (निदान, पर्याय, निर्णय, कामवाटप, फेरतपासणी) किंवा फोरडेक (वस्तुस्थिती, पर्याय, धोके-फायदे, निर्णय, अंमल, तपासणी) यांतला कोणताही चालेल. ज्या कंपनीत जाताय तिथे कोणता वापरतात ते कळलं तर तोच घ्या. मात्र परीक्षकांसमोर एकेक अक्षर उलगडत बसू नका. साचा ऐकणाऱ्याला जाणवावा, ऐकू येऊ नये.

आणि काही प्रसंगांत साचा आधी आणणं हीच चूक ठरते. ३५,००० फुटांवर केबिनमधला दाब अचानक गेला, तर भानावर राहून काम करायला साधारण ३० ते ६० सेकंद, किंवा त्याहूनही कमी, मिळतात. तिथे ‘मी पर्यायांचा विचार करेन’ हे पहिलं वाक्य असेल तर उत्तर बुडालं. आधी ऑक्सिजन मास्क, सहवैमानिकाशी बोलणं होतंय याची खात्री, मग तातडीने खाली. साधारणपणे १०,००० फूट किंवा डोंगराळ भागात तिथली सुरक्षित किमान उंची, यातली जी जास्त असेल ती. मेमरी आयटम्स (चेकलिस्ट न बघता करायची पाठ असलेली कामं) संपले की मग डोडार.

प्रश्न : इंधनाचा प्रसंग हमखास येतो. तोंडी गणित करताना विचारांचा धागा सुटतो. काय करावं?

किलोंत विचार करू नका, मिनिटांत करा. गोंधळ निम्म्याने कमी होतो.

एक प्रसंग घेऊ. दोन इंजिनांचं मध्यम आकाराचं जेट होल्डिंगमध्ये आहे, म्हणजे उतरण्याच्या पाळीची वाट बघत आकाशात घिरट्या घालतंय. शिल्लक इंधन ४,२०० किलो. मिनिटाला ४० किलो जळतंय. अल्टरनेटला जाऊन उतरायला १,५०० किलो लागतील. फायनल रिझर्व्ह (उतरतानाही टाकीत उरायलाच हवं असं राखीव इंधन) १,२०० किलो, म्हणजे जेटसाठी ठरलेली ३० मिनिटं, विमानतळाच्या १,५०० फूट वर होल्डिंगच्या वेगाने. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) सांगतं, अजून ४५ मिनिटं थांबा. तेवढ्यात केबिनमधून निरोप येतो : एका प्रवाशाच्या छातीत दुखतंय.

आधी हात न लावायचं इंधन बाजूला काढा : १,५०० अधिक १,२००, म्हणजे २,७००. उरले १,५०० किलो. भागिले ४०, म्हणजे ३७ मिनिटं. हे एका वाक्यात मोठ्याने सांगा : ‘अल्टरनेट हातात ठेवून मी इथे ३७ मिनिटं थांबू शकतो, सांगितलेला उशीर ४५ मिनिटांचा आहे.’ परीक्षकाला तुमची अर्धी परीक्षा इथेच घेता येते. प्रसंगात आकडे दिलेले असूनही त्यांना हात न लावता पर्यायांवर भाषण सुरू करणारे उमेदवार कमी नसतात.

आता पर्याय. लगेच अल्टरनेटकडे निघणं हा एक. रुग्णासाठी ‘पॅन पॅन’ (आणीबाणीच्या एक पायरी खालचा तातडीचा रेडिओसंदेश) देऊन आधी उतरण्याची परवानगी मागणं हा दुसरा. तिसरा मोहात पाडणारा आहे : अल्टरनेट सोडून द्यायचं आणि इथेच उतरायचं ठरवायचं. उतरण्यासाठी ३०० किलो धरले तर ४,२०० वजा १,२०० वजा ३०० म्हणजे २,७०० किलो, म्हणजे ६७ मिनिटं. ४५ पुढे २२ मिनिटं हातात, छानच वाटतं. परीक्षक नेमका इथे टपलेला असतो. एकच धावपट्टी असेल आणि पुढच्या विमानाचा टायर तिच्यावर फुटला, तर या २२ मिनिटांत जाणार कुठे? म्हणून अटी तुम्हीच आधी सांगा : दोन वेगवेगळ्या धावपट्ट्या, पुरेसं चांगलं हवामान, एटीसीने पक्की केलेली वेळ आणि कंपनीच्या मॅन्युअलची मुभा. यातलं एक नसेल तर हा पर्याय रद्द.

या प्रसंगात आम्ही दुसरा पर्याय आधी तपासू. प्राधान्य मिळून १५ मिनिटांत खाली पोहोचणार असाल, तर रुग्णाचं आणि इंधनाचं दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. नाही मिळालं तर अल्टरनेटवर रुग्णवाहिका आणि जवळ रुग्णालय आहे का ते विचारून निघायचं, ३७ मिनिटं पूर्ण होण्याची वाट न बघता. दरम्यान केबिन क्रूने प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का ते विचारायचं, ऑक्सिजन आणि डिफिब्रिलेटर जवळ आणायचं, आणि कंपनीची सोय असेल तर जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. आजाराचं निदान वैमानिकाने करायचं नसतं. नवे उमेदवार इथे उगाच वैद्यकीय तर्क लढवतात.

केबिन क्रूला माहिती देताना चार गोष्टी सांगायच्या : काय झालंय, आपण काय करणार, किती वेळ आहे, विशेष सूचना काय. मग त्यांच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचं. हे परत म्हणवून घेणं बहुतेक उत्तरांतून गळतं.

शब्दही नेमके हवेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे अमुक विमानतळावर उतरण्याचं पक्कं झालंय आणि आता आणखी उशीर लावला तर फायनल रिझर्व्हला हात लागू शकतो. ही आणीबाणी नाही आणि यामुळे प्राधान्य मिळतंच असं नाही. उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमी उरणार असा हिशेब निघाला, तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणून आणीबाणी जाहीर करायची. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाच्या अवियांका कंपनीची फ्लाइट ५२ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळली. इंधन संपत आल्याचं वैमानिक रेडिओवर बोलले होते, आणीबाणी मात्र त्यांनी जाहीर केली नव्हती.

प्रश्न : साच्यातल्या ‘फेरतपासणी’पाशी मी फक्त ‘मग मी रिव्ह्यू करेन’ म्हणतो. परीक्षकाचं समाधान होत नाही.

होणार नाहीच, कारण त्यात काही तपासलेलं नाही. ८ जानेवारी १९८९ चा इंग्लंडमधल्या केगवर्थचा अपघात नीट वाचून ठेवा. बोईंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं. थरथर आणि धूर. वैमानिकांनी उजवं इंजिन मंदावलं, थरथर आणि धूर कमी झाल्यासारखं वाटलं, म्हणून निदान बरोबर आहे असं समजून तेच बंद केलं. उजवं इंजिन बंद केल्याचं कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं. केबिनमध्ये काहींना डावीकडे ज्वाळा दिसल्या होत्या, पण ते कॉकपिटपर्यंत पोहोचलं नाही. कॅप्टनने घटनाक्रम पुन्हा तपासायला घेतला होता, तो रेडिओवरच्या संदेशाने तुटला. ४७ माणसं गेली.

यातून उत्तरात आणण्यासारखे तीन प्रश्न मिळतात. ‘माझं निदान चुकीचं असतं, तर मला आत्ता वेगळं काय दिसलं असतं?’ ‘केबिन क्रूला काय दिसतंय?’ आणि ‘फेरतपासणी मध्येच तुटली, तर ती पुन्हा कधी करायची?’ तिसऱ्याला वेळ जोडा : ‘दर दहा मिनिटांनी, आणि उतरायला सुरुवात करण्यापूर्वी एकदा.’ फेरतपासणीला असा काटा लावला की परीक्षकाला ते खरं वाटतं.

प्रश्न : अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे जाण्याचा टप्पा) अस्थिर आहे, म्हणजे वेग किंवा उंची मर्यादेत नाही, आणि कॅप्टन ऐकत नाही. नवख्या फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) कुठवर जायचं?

शेवटपर्यंत, पण पायऱ्यांनी. पहिल्यांदा विचारणा : ‘सर, वेग जास्त वाटतोय, तुम्हाला काय वाटतं?’ मग इशारा : ‘वेग वीस नॉट जास्त आहे, अप्रोच अस्थिर.’ मग आव्हान : ‘कॅप्टन, आपण मर्यादेबाहेर आहोत, गो-अराउंड करा’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला. शेवटी ताबा : ‘आय हॅव कंट्रोल.’

पाठ्यपुस्तकात या चार पायऱ्या निवांत दिसतात. परीक्षक विचारतो ते उंचीचं. तुम्ही १,००० फुटांवर आहात आणि मिनिटाला १,२०० फुटांनी उतरताय, म्हणजे जमीन ५० सेकंदांवर आहे. तेव्हा पहिली पायरी १,००० फुटांच्या आधीच संपलेली असली पाहिजे. त्या उंचीवर थेट ‘अस्थिर, गो-अराउंड’ म्हणायचं. बऱ्याच कंपन्यांत दोघांपैकी कुणीही गो-अराउंड म्हटलं की ते करावंच लागतं, हा नियम उत्तरात घ्या. दोनदा ठरलेले इशारे देऊनही कॅप्टनकडून काहीच प्रतिसाद नसेल, तर तो अकार्यक्षम झालाय असं धरून ताबा घ्यायचा. कॅप्टन बोलतोय पण ऐकत नाही, आणि धावपट्टी अगदी जवळ आली आहे, तर कंट्रोल्सवरून झटापट हा नवा धोका असतो. परीक्षकाने तिथवर ताणलं तर हे मोकळेपणाने सांगा. उतरल्यावर रिपोर्ट लिहायचाच, तोही कॅप्टनला सांगून.

प्रश्न : कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तक्रार केली तर चहाडखोर दिसेन का?

नाही. तक्रार टाळलीत तर मात्र अडकाल. विमानात चढण्याआधी, इतरांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन स्पष्ट विचारा. आरोप करू नका. मधुमेहाच्या काही अवस्थांतही श्वासाला तसा वास येऊ शकतो. पण कारण कोणतंही असो, तो माणूस आज उडायच्या स्थितीत नाही. त्याने स्वतः ड्यूटीवरून माघार घ्यावी असं सुचवा. ऐकलं नाही तर ड्यूटी मॅनेजरला फोन करा आणि तोवर विमान हलू देऊ नका. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘त्याने आजारी असल्याचं कळवलं, मग विषय मिटला?’ उत्तर, नाही. कंपनीच्या ठरलेल्या मार्गाने ते कळवायचं, म्हणजे त्याला मदतही मिळू शकते.

प्रश्न : माझे जेमतेम २०० तास, तेही छोट्या विमानावर. जेटचे प्रसंग आले तर?

तुमचे तास परीक्षकांना अर्जातच दिसलेले असतात. जेटचे आकडे फेकायला जाऊ नका. एक चुकला की पुढचे दहा मिनिटं त्याच्यावरच जातात. ‘मी असं गृहीत धरतोय की…’ म्हणून दोन-तीन गोष्टी विचारून घ्या : विमान कुठे आहे, हवामान कसं, इंधन किती मिनिटांचं. दहा प्रश्न मात्र नकोत, ती टाळाटाळ दिसते. चेकलिस्ट तोंडपाठ म्हणून दाखवण्याऐवजी कोणती चेकलिस्ट कधी मागाल ते सांगा.

‘एकदा असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं?’ हा वेगळा प्रकार आहे. तिथे प्रसंग, तुमचं काम, तुम्ही केलेली कृती, परिणाम, या क्रमाने दोन मिनिटांत सांगा, आणि कृतीला निम्म्याहून जास्त वेळ द्या. उड्डाणाबाहेरचा अनुभव चालतो.

प्रश्न : उत्तर देताना मध्येच कळलं की निर्णय चुकलाय, तर तसंच रेटावं का?

रेटू नका. ‘थांबा, अल्टरनेटच्या धुक्याची बातमी मी धरली नव्हती, ती धरली तर निर्णय बदलतो’ असं म्हणून बदला. ती फेरतपासणीच झाली. फक्त कशामुळे बदललं ते सांगा. परीक्षकाने भुवया उंचावल्या म्हणून निर्णय बदलू नका, कारण बरोबर उत्तरावरही भुवया उंचावून बघणारे परीक्षक असतात. सरावाला एक जोडीदार घ्या, दर दीड मिनिटाने त्याला एक नवी माहिती टाकायला सांगा. त्यातली निम्मी निर्णयावर परिणाम न करणारी असावी.