घर बदलायचं आहे, तयारी कुठून सुरू करू?

आधी टाकाऊ सामान काढा, मग खोके आणा. नको असलेली वस्तू बांधायची, वाहून न्यायची आणि नव्या घरात पुन्हा उघडून फेकायची, ही तिप्पट मेहनत कशाला? रोज न लागणारं सामान आधी बांधा: माळ्यावरचं, शोकेसमधलं, जास्तीची अंथरुणं. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी.

पुस्तकं कायम लहान खोक्यात. मोठ्या खोक्यात भरलीत तर उचलताना तळ फाटतो, नाहीतर कंबर जाते. खोक्यात काय आहे आणि ते कोणत्या खोलीत जाणार, हे बाजूवर लिहा. वर लिहिलेलं एकावर एक रचल्यावर दिसत नाही.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवा, म्हणजे बर्फ वितळून पाणी निघून जाईल. तो उभाच न्यायचा. आडवा न्यावा लागलाच, तर पोचल्यावर उभा करून काही तास थांबा, मगच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मशीनसोबत आलेले वाहतुकीचे बोल्ट लावायला विसरू नका (ते बहुतेकांनी फेकून दिलेले असतात, आत्ताच शोधा). पलंग, कपाट सुटं केलंत तर त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्यालाच चिकटवा. टीव्हीमागच्या वायरी काढण्यापूर्वी फोटो काढा.

कागदपत्रं, दागिने, औषधं ट्रकमध्ये नकोत, स्वतःजवळ ठेवा. आणि चादरी, टॉवेल, चार्जर, कात्री यांची एक वेगळी पिशवी करा, पहिल्या रात्री खोकी उघडायची ताकद कुणातच नसते.