मे महिन्यात जळगावात कुत्रा सारखा धापा टाकतो. अंगावर ओलं पोतं टाकून ठेवावं का?

टाकून ठेवू नका. पोतं थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने कोमट होतं आणि खालची वाफ कोंडून धरतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तो फार थोडा. खरं काम जीभ, तोंड आणि नाक करतात: तिथली ओल उडते, तसं रक्त गार होतं. शांत बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो, धापताना हाच आकडा ३०० च्या पुढे जातो.

त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश. बाहेर ४४ असलं की हवाच अंग तापवते, ओल उडणं हाच एक मार्ग उरतो. म्हणून बंद खोलीत कूलर लावणं फसतं. हवा दमट होते आणि नुसती धाप लागत राहते. समोरची खिडकी उघडी ठेवा.

हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल डळमळीत दिसली तर उष्माघात धरा. सावलीत घेऊन पोट, जांघा, पंजे सतत भिजवा, पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, ते नकोच, माठातलं घ्या. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून ३९.५ ला भिजवणं थांबवा, नाहीतर अंग जास्त गार पडतं. मग तो उठून बसला तरी लगेच पशुवैद्याकडे न्या. ४१ च्या वर ताप गेला असेल तर मूत्रपिंडाची इजा एकदोन दिवसांनीही दिसते. पग असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, चपट्या नाकामुळे त्याची धाप आधीच अपुरी पडते.