मँडोलिन घ्यायला कोणत्या शहरात जावं? मुंबई, कोलकाता की चेन्नई?

तुम्ही लातूरचे, मुलगी बारा वर्षांची, मँडोलिनच हवं म्हणून हटून बसलीय आणि या तीनपैकी कुठे जाऊ असं विचारलंय. मी सोलापूरची. लातूर हे नाव वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात पंचवीस वर्षांवर वाद चालू आहे.

मला मँडोलिन मामाने शिकवलं. तो गिरणीत होता आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सज्जाद हुसेन हे त्याचं दैवत. लोक त्यांना सिनेमाचे संगीतकार म्हणून ओळखतात, पण साध्या मँडोलिनवर ते राग वाजवायचे, मींड काढायचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे. दांडीवर धातूचे आडवे पडदे असलेल्या, जोडतारांच्या (आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या) वाद्यावर हे किती अवघड आहे ते ज्याची बोटं सोलून निघालीत त्यालाच कळेल. गिरणी बंद पडली तेव्हा मामाने वाद्य विकलं. मी तेव्हा अकरावीत होते. कोणाला विकलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

1998 च्या दिवाळीत दादाच्या बँकेच्या प्रवास सवलतीवर (एलटीसी) आई, दादा आणि मी कलकत्त्याला गेलो. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ आईसाठी. मला जायचं होतं ते लालबाजारजवळच्या रवींद्र सरणीला, म्हणजे जुन्या चितपूर रोडला. तिथे वाद्यांची दुकानं ओळीने आहेत, सतार-सरोदपासून गिटारपर्यंत. दादा पहिल्यापासून विरोधात. त्याचं म्हणणं, मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज आहे, 1865 पासूनचं दुकान, पक्कं बिल मिळेल, काही झालंच तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने एका रात्रीत जाऊन बदलून आणू. हावड्याहून दीड दिवसाच्या प्रवासात लाकडी वाद्य कशाला उचलून आणायचं?

मी ऐकलं नाही. दोन दुकानांत वेळ गेला, तिसऱ्यात बसून एकामागून एक सात वाद्यं वाजवली. सातव्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची जोडी छेडली तेव्हा मागे स्टुलावर बसलेली आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या घरातलं वाटतंय." मामा तिचा सख्खा धाकटा भाऊ. मी भाव केला नाही. शिकवण्यांचे साठवलेले बावीसशे रुपये मोजले आणि परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याला चीर गेली. तबलीला, म्हणजे तारांखालच्या पातळ फळीला, मधल्या नादछिद्रापासून खाली, लाकडाच्या रेषेत, चांगली चार बोटं लांब. दादा एवढंच म्हणाला, "कच्चं लाकूड गळ्यात मारलं तुझ्या." हेच वाक्य तो आजही लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर म्हणतो.

मी ते गोधडीत गुंडाळून एसटीने मिरजेला नेलं. मँडोलिनसाठी मिरजेला कोणी जात नाही, ते सतार-तंबोऱ्यांचं गाव. 2024 मध्ये तिथल्या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीसाठी भोपळे आमच्याच पंढरपूर-मंगळवेढा भागातून तिकडे जातात, त्यामुळे आमची हवा त्या लोकांना पाठ. एका वयस्क सतारमेकरांनी वाद्य हातात घेतलं, चिरेवर नख फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उन्हाळ्यात कुठं ठेवलं होतं?" मी सांगितलं, माळ्यावर. "वर काय? पत्रा?" हो, पत्रा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, आत्ता हात लावत नाही, दोन पाऊस होऊ देत.

श्रावणात परत गेले तेव्हा तीच चीर मिटत आली होती. नख फिरवलं तरी जेमतेम लागत होती. त्यांनी ती मला दाखवली आणि समजावून सांगितलं. लाकूड कोरड्या हवेत आडवं आकसतं, पण तबली कडेने आणि आतल्या आडव्या पट्ट्यांना सरसाने चिकटलेली असते, तिला आकसायला वाव नसतो, मग ती रेषेत फाटते. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं, चीर मिटते. कलकत्त्याच्या दमट हवेत जोडलेलं वाद्य सोलापूरच्या बेचाळीस अंशांत, तेही पत्र्याखाली ठेवलं, तर दुसरं काय होणार? "लाकूड पक्कं आहे," ते म्हणाले. त्यांनी चिरेत सरस भरला, आतून तीन छोट्या पट्ट्या बसवल्या, ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती लाकडी घोडी, थोडा सरकवून बाराव्या पडद्यावरचा सूर जुळवून दिला. एकशे ऐंशी रुपये घेतले. आजही मी तेच वाजवते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. लातूरची हवा आमच्यासारखीच. तेव्हा शहराच्या नावाआधी ऋतू ठरवा. दिवाळीनंतर जा, मार्चच्या आत वाद्य घरी रुळू द्या. तेवढ्यात त्याला कोरड्या हवेची हळूहळू सवय होते. ऐन मेमध्ये दमट शहरातून आणून थेट लातूरच्या उन्हात नेऊ नका.

पहिलंच वाद्य असेल तर मुंबई. रात्रीची गाडी आहे, निवड बरी आहे, काही बिघडलं तर परत जाता येतं. इतकं दादाचं बरोबर होतं आणि ते मी नाकारत नाही. कोलकात्याला मुलीला वाजवायला लागून चार-पाच वर्षं झाल्यावर न्या, तिचा कान तयार झाल्यावर. तिथे एकाच रस्त्यावर दहा वाद्यं शेजारी शेजारी वाजवून पाहता येतात आणि ते सुख मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

चेन्नईचं मात्र वेगळं आहे. कर्नाटक संगीतात हे वाद्य यू. श्रीनिवास यांनी रुजवलं, तेही पाच तारांचं विजेवरचं मँडोलिन घेऊन. जोडतारांऐवजी एकेरी तार असली की गमक, म्हणजे सुराला दिलेला झोल, नीट काढता येतो आणि विजेमुळे स्वर टिकतो. 2014 मध्ये ते गेले, पंचेचाळिशीतच. मुलीला राग वाजवायचे असतील आणि शिकवणारा तशा वाद्यावरचा मिळाला असेल, तरच चेन्नई. सिनेमाची गाणी, भावगीतं वाजवायची तर आठ तारांचंच हवं. त्या गाण्यांतली मँडोलिनची थरथर जोडतारांवरच खुलते.

कोणीतरी तुम्हाला इटलीतलं नेपल्सही सुचवेल. ते या वाद्याचं माहेर आहे हे खरं. पोलादी तारा पेलणारं आजचं मँडोलिन घडवण्याचं श्रेय तिथल्या पास्क्वाले विनाच्चिया यांना देतात, 1835 च्या आसपासचं. पण भोपळ्यासारख्या गोल पाठीचं ते वाद्य बारा वर्षांच्या मुलीच्या मांडीवरून घसरत राहील. तिला सपाट पाठीचंच घ्या.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. डोळ्यासमोर धरून दांडी सरळ आहे का बघा. प्रत्येक जोडी मोकळी छेडा, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा, वरच्या सप्तकातला तोच सूर यायला हवा. थोडा चुकत असेल तर ब्रिज सरकवून जमतो, तो सुटाच असतो, फक्त तारांच्या दाबाने बसलेला. पण एका जोडीचा जमतोय आणि दुसरीचा मुळीच नाही, असं असेल तर सोडून द्या. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर मुलीची बोटं महिन्याभरात कंटाळतील. नादछिद्रातून टॉर्च मारून दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत घाला आणि पट्ट्या सुटलेल्या नाहीत ना ते पाहा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. व्हायोलिनचेच सूर लागतात, तेव्हा गावात व्हायोलिन शिकवणारं कोणी असेल तर त्यांना बरोबर न्या.

आणि घरी आल्यावर ते माळ्यावर, कपाटावर, पत्र्याखाली, उन्हाच्या भिंतीला, बंद गाडीत ठेवू नका. खालच्या खोलीत, पेटीत, उन्हाळ्यात पेटीत ओल्या स्पंजचा तुकडा भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून. आठ तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण त्या पातळ लाकडावर चोवीस तास असतो. महिनाभर वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा.

एक सांगायचं राहिलं. हल्ली कारखान्यातली, प्लायच्या तबलीची मँडोलिनं मिळतात. त्यांचा आवाज बसका असतो, मला ती आवडत नाहीत, पण तुमच्या हवेत ती सहसा फाटत नाहीत. पहिली दोन वर्षं त्यावर काढायला हरकत नाही. मी सगळं लाकडी वाद्य धरून लिहिलं, कारण माझं तसं आहे.

आणि माळ्यावर ते मी ठेवलं नव्हतं. मार्चमध्ये दादाचं लग्न ठरलं, पाहुणे यायचे म्हणून खोली रिकामी करताना त्यानेच ते वर टाकलं. मी तेव्हा घरी नव्हते. हे मी त्याला कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण लग्नघर होतं आणि नंतर वहिनीला वाईट वाटलं असतं. तो या साइटवर रोज असतो, हे वाचेलच. दादा, त्या तीन पट्ट्या आरशात अजून स्पष्ट दिसतात आणि तबलीला त्यानंतर एकही चीर गेलेली नाही. रविवारी ये, टॉर्च मी काढून ठेवते.