पर्यायी शेगडीत कोणते इंधन भरावे?

प्रश्न : आमच्या गटाकडे भटकंतीसाठी गॅसची शेगडी आहे. ती बिघडली किंवा गॅस संपला तर अडू नये म्हणून आम्ही स्पिरिटवर चालणारी छोटी, हलकी शेगडी घेतली. इंधन घ्यायला गेल्यावर मात्र इथेनॉल, मिथेनॉल, आयसोप्रोपिल अशी नावे समोर आली, आणि या सगळ्यांनाच सर्रास ‘स्पिरिट’ म्हटले जाते. यांतले सुरक्षित कोणते?

उत्तर : पेट घेण्याच्या बाबतीत या तिघांत डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही. साधारण ११ ते १७ अंश सेल्सिअस तापमानालाच तिन्हींची वाफ ठिणगी लागताच पेटू शकते, म्हणजे नेहमीच्या हवामानात सांडलेल्या थेंबांनाही आगीपासून सारखेच जपावे लागते. खरा फरक आहे तो विषारीपणात, काजळीत आणि मिळणाऱ्या उष्णतेत. यांपैकी मी विषारीपणाला सर्वांत जास्त महत्त्व देईन. मुख्य शेगडीचे इंधन त्याच सहलीत संपते, पण पर्यायी शेगडीची बाटली महिनोन्महिने पिशवीच्या तळाशी पडून राहते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिच्यात नेमके काय भरले होते हे पुढे कोणालाच आठवत नाही.

मिथेनॉल स्वच्छ जळते, भांड्याला काजळी लावत नाही, म्हणून काहींना ते आवडते. परंतु एक किलो मिथेनॉलपासून सुमारे २० मेगाज्यूल उष्णता मिळते, तर तेवढ्याच इथेनॉलपासून सुमारे २७. म्हणजे तेवढेच पाणी उकळण्यासाठी अधिक ओझे वाहावे लागते. याहून गंभीर गोष्ट अशी, की मिथेनॉल पोटात गेल्यास शरीरात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर आघात करते. थोड्याशा मात्रेनेही कायमचे अंधत्व येऊ शकते आणि मृत्यूही ओढवतो. ते त्वचेतून आणि श्वासावाटेही शरीरात शिरते. त्याची लक्षणे पुष्कळदा १२ ते २४ तास उशिरा दिसतात, त्यामुळे चुकून कोणी प्यायले आणि त्याला बरे वाटत असले, तरी वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.

आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून किलोमागे सुमारे ३० मेगाज्यूल, म्हणजे तिघांत सर्वाधिक उष्णता मिळते, पण साध्या उघड्या शेगडीत त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि पिवळी, धुरकट ज्योत भांड्याचे बूड काळे करून टाकते. जखमा पुसण्यासाठी मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या द्रावणात उरलेला बहुतेक भाग पाण्याचा असतो. ते तडतडत जळते आणि शेवटी शेगडीत न जळणारे पाणी साचते.

तेव्हा निवड करायची ती जाळण्यासाठीच बनवलेल्या, ९० टक्के किंवा त्याहून अधिक इथेनॉल असलेल्या स्पिरिटची. ते पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात आणि पुष्कळदा त्यांत मिथेनॉलही असते. त्याचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असेल तर ते वाचून घ्यावे आणि जिथे ते सर्वांत कमी असेल ती बाटली उचलावी. घटकच छापलेले नाहीत असे स्पिरिट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. घरी आणल्यावर ते पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तहानलेला माणूस अंधारात बाटलीचा आकार पाहतो, त्यावर काय लिहिले आहे ते पाहत नाही.

प्रश्न : स्पिरिट मिळाले नाही तर त्याच शेगडीत रॉकेल, पेट्रोल किंवा हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर वापरता येईल का?

उत्तर : पेट्रोल कधीही नाही. शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही त्याची वाफ पेट घेते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि काही अंतरावरच्या ज्योतीपाशी पोहोचून पेटते आणि आग उलट शेगडीकडे येते. रॉकेलची अडचण नेमकी उलट आहे. ते सहजासहजी वाफेत रूपांतरित होत नाही, त्यामुळे उघड्या वाटीसारख्या शेगडीत एक तर पेटतच नाही, नाहीतर काळा धूर ओकत जळते. त्याला वात किंवा दाबाखाली चालणारी शेगडी लागते. शिवाय स्पिरिट पाण्यात मिसळते, म्हणून सांडून पेटले तर भरपूर पाण्याने विझते, पण रॉकेल आणि पेट्रोल पाण्यावर तरंगतात आणि पाणी ओतल्यास आग आणखी पसरते. सॅनिटायझरमध्ये पाणी, ग्लिसरीन आणि दाटपणा आणणारे पदार्थ असतात. ते जळते, पण उष्णता कमी देते आणि मागे चिकट थर ठेवते. शेगडी ज्या इंधनासाठी बनवली आहे तेच तिच्यात घालावे.

प्रश्न : स्पिरिटऐवजी घन इंधनाच्या पांढऱ्या वड्या ठेवल्या तर चालेल का? त्यांच्या धुराचा वास उग्र येतो.

उत्तर : निव्वळ आणीबाणीसाठी म्हणून ठेवायचे असेल तर माझे मत या वड्यांच्याच बाजूने आहे. या वड्या मुख्यतः हेक्झामिन या जळणाऱ्या घन रसायनाच्या असतात. एरिक शुम यांनी १९३६ मध्ये जर्मनीत त्या ‘एस्बिट’ या नावाने आणल्या. त्या सांडत नाहीत, गळत नाहीत, थंडीतही पेटतात आणि कितीही दिवस ठेवल्या तरी उडून जात नाहीत. १४ ग्रॅमची एक वडी साधारण १२ मिनिटे जळते. वारा नसेल तर तेवढ्यात अर्धा लिटर पाणी उकळण्याच्या बेताला येते. उरलेली वडी फुंकून विझवता येते आणि पुन्हा वापरता येते.

वास उग्र आहे ही तक्रार खरी आहे आणि ती केवळ नाकाची तक्रार नाही. हेक्झामिन जळताना नायट्रोजनची ऑक्साइडे, फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड यांसारखे अपायकारक वायू बाहेर पडू शकतात, म्हणून या वड्या उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करूनच वापराव्यात. त्या थेट अन्नाखाली जाळून त्यावर काही भाजू नये. झाकण ठेवलेल्या भांड्यात पाणी उकळण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा. भांड्याच्या बुडाला तपकिरी, चिकट थर बसतो. तो सामानाला लागू नये म्हणून भांडे वेगळ्या पिशवीत ठेवावे. वड्या ओल शोषून घेतात, म्हणून त्या बंद वेष्टनातच ठेवाव्यात आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

प्रश्न : मध्येच स्पिरिट संपले असे वाटले तर जळत्या शेगडीत थोडे ओतले तर?

उत्तर : या शेगड्यांचे अपघात बहुधा इथेच होतात. भर उन्हात स्पिरिटची फिकट निळी ज्योत दिसतच नाही. भांडे उचलावे तर आत काहीच नसल्यासारखे वाटते, आणि बाटली तिरकी करताच ज्योत धारेवरून बाटलीच्या तोंडात शिरते. मग बाटलीतली वाफ पेटते आणि जळते इंधन समोर बसलेल्यांच्या अंगावर फेकले जाते. म्हणून शेगडीवर तळहात थोडा उंच धरून उष्णता लागते का ते आधी पाहावे, झाकण ठेवून ज्योत नक्की विझवावी, धातू हात लावण्याइतका थंड होऊ द्यावा आणि मगच भरावे. त्याहून चांगले म्हणजे आधीच मोजून भरणे. अर्धा लिटर पाण्याला शेगडी आणि वारा पाहून १५ ते २० मिलिलिटर स्पिरिट सहसा पुरते. बाटली मात्र टोपण घट्ट लावून शेगडीपासून चार पावले लांब ठेवावी.

प्रश्न : स्पिरिटच्या शेगडीभोवती लावायचा पत्र्याचा वाराआडोसा गॅसच्या शेगडीलाही लावावा का?

उत्तर : गॅसच्या डब्यावरच बसणारी शेगडी असेल तर तिला पूर्ण वेढा घालू नये. परतणाऱ्या उष्णतेने डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि डबा फुटण्याचा धोका निर्माण होतो. वाऱ्याच्या बाजूला, डब्यापासून अंतर ठेवून अर्धवट आडोसा करावा आणि डब्याला अधूनमधून हात लावून पाहावे. तो गरम लागला तर शेगडी बंद करावी.

प्रश्न : पाऊस असेल तर तंबूत शेगडी पेटवली तर चालेल का? आणि विमानाने जाताना इंधन नेता येते का?

उत्तर : तंबूत नाही, मग इंधन कोणतेही असो. तंबूचे कापड तर झपाट्याने पेटतेच, पण इंधन जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो साचत आहे हे आतल्या माणसाला कळत नाही. विमानात स्पिरिट, गॅसचे डबे आणि घन वड्या हातातल्या किंवा आत दिलेल्या कोणत्याही सामानात नेता येत नाहीत. वापरलेली शेगडी नेण्याबाबत प्रत्येक विमान कंपनीचे नियम वेगळे असतात, म्हणून आधी विचारून घ्यावे आणि तिच्यात इंधनाचा वासही उरणार नाही इतकी ती धुऊन, वाळवून न्यावी. इंधन मुक्कामी पोहोचल्यावर घ्यावे. कोरड्या दिवसांत अनेक वनक्षेत्रांत बंद करण्याची कळ नसलेल्या शेगड्यांना मनाई असते. स्पिरिटची शेगडी आणि वड्या दोन्ही त्यात येतात, तेव्हा तशा ठिकाणी जायचे असेल तर पर्यायी म्हणून कळ असलेली दुसरी छोटी गॅसशेगडी न्यावी.