नर्सिंग शिकतोय, तरी आजीला गोळ्या समजावता येत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, मार्क चांगले पडतात, पण आजीने गोळ्यांबद्दल विचारलं की अडखळता, असं तुम्ही लिहिलंय. कमी आहे, पण ती तुमच्या एकट्यात नाही. मी बारा वर्षं कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते आणि दर बॅचमध्ये हे बघते.

माझंच सांगते. शिकत असताना बालरुग्ण वॉर्डातून सुटी मिळालेल्या एका आईला मी ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या क्षार-साखरेच्या, पुड्या दिल्या आणि ‘थोडं थोडं पाजत राहा’ म्हणाले. त्यातले क्षार मला ग्रॅमसकट पाठ होते. दोन दिवसांनी बाळ परत आलं, जुलाब वाढलेले. तिने अख्खी पुडी एका पेल्यात कालवली होती. ‘घट्ट केलं की ताकद जास्त येईल ना?’ तिचा हिशोब तिच्या परीने बरोबरच होता. पुडी एक लिटर पाण्यात घालायची आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं, हे मला ठाऊक होतं. तिला सांगितलंच नव्हतं. दाट द्रावणाने जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियमही चढू शकतं. बाळ सावरलं, पण चूक माझी होती.

सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या: माहिती वाचून समजणं, ती बोलून-विचारून वापरता येणं आणि ती पारखून घेता येणं. आपली परीक्षा बहुतेक पहिल्याच पायरीवर संपते. तिसरीवर तर आपलेच विद्यार्थी घसरतात. दुकानातल्या गोड पेयाच्या खोक्यावर ‘ओआरएस’ लिहिलेलं असायचं आणि मुली ते खरं ओआरएस समजून घरच्यांना आणायला सांगायच्या. डब्ल्यूएचओच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पण त्याआधी खोका उलटून साखर किती, हे आपणच वाचायला हवं होतं.

भाषेची अडचण वेगळीच. आपण शिकतो इंग्रजीत, बोलायचं मराठीत. ‘हायपरटेन्शन आहे’ म्हटलं की पेशंटला फक्त ‘टेन्शन’ ऐकू येतं. ‘मला कसलं टेन्शन नाही, मग गोळी कशाला?’ हे मी किती वेळा ऐकलंय! ‘रक्तदाब’ म्हणा, आणि मोजल्यावर नॉर्मल आला तो गोळीमुळे, म्हणून मनाने बंद करायची नाही, हेही तेव्हाच सांगा.

आणि ‘समजलं का?’ विचारणं सोडा. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर कसं कराल ते सांगा’ असं म्हणा. इनहेलर, इन्सुलिन असेल तर करूनच दाखवायला लावा. सुरुवातीला वॉर्डात वेळ जातो असं वाटेल, सिस्टरही घाई करतील. तरी करा.

या रविवारी आजीची गोळ्यांची पिशवी घेऊन बसा. कुठली गोळी कशासाठी, हे आधी तिलाच विचारा. ‘दिवसातून दोनदा’ न म्हणता तिच्या न्याहारीशी, रात्रीच्या जेवणाशी वेळ जोडून द्या. लोहाची गोळी असेल तर ती चहाबरोबर घेते का, हे नक्की बघा. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. डोसबद्दल शंका आली तर स्वतः बदल करू नका, तिच्या डॉक्टरांना विचारा. मग पिशवी बाजूला ठेवून आजीकडून सगळं पुन्हा ऐका. ती जिथे अडेल तिथे तुमचं सांगणं अपुरं पडलं, असं धरा आणि वेगळ्या शब्दांत परत सांगा.